ढकलगाडी

ठराव क्रमांक सतरा मीच लिहिला,
निळ्या शाईत, समास सोडून:
मोहटोला नगरपंचायतीच्या स्वनिधीतून
पोलीस ठाण्यास एक चारचाकी वाहन देण्यात यावे.
सूचक सौ. सुभद्रा कापगते, अनुमोदक रज्जाक शेख.
विरोध एकट्या पुंजाराम लांजेवारांचा.
ते उभे राहून म्हणाले,
"नाली आधी का गाडी आधी, सांगा ना जी!"
मी लिहिलं, सदस्यांनी साधकबाधक चर्चा केली.

साधकबाधक म्हणजे दीड तास रंगावर.
पांढरी घेतली तर रोवणीच्या चिखलात काय दिसेल,
काळी घेतली तर उन्हाळ्यात आत कोण बसेल.
कोणी हळूच म्हणालं, एजन्सी कोणाच्या भाच्याची आहे,
कोणी लगेच मोठ्याने म्हणालं, पंखा वाढवा.
मग चहा आला.

जुनी जीप ठरावात एका शब्दात आहे:
नादुरुस्त.

तिला किल्लीपेक्षा माणसं लागायची.
निखाडे हवालदार तिला तळ्याच्या पाळीवर ठेवायचा,
तोंड उताराकडे.
रात्री फोन वाजला की ब्रेक सोडायचा.
खाली कोणाची बंडी आडवी असली
तर कायदा तिथंच, बैल उठेपर्यंत.

आणि एरवी, धक्का.
पानठेल्यावरचे, राइस मिलचे हमाल,
शाळा सुटली की पोट्टे.
मंडईच्या रात्री नाटक संपलं
तेव्हा राजाने मुकुट एका पोराच्या डोक्यावर ठेवला
आणि शेला खोचून धक्का दिला.
मोटारपंपाच्या चोरीत धरलेल्या डोमाला तर
अर्ध्या वाटेत उतरवलं, म्हणाले मार.
त्यानं मारला. गाडी सुरू झाली,
निखाडे थांबवायला घाबरला, बंद पडेल म्हणून,
आणि डोमा मागं, अंधारात, मोकळा.
तो धावत आला, मागच्या पायरीवर चढून बसला.
"जातो कुठं बाप्पा," नंतर सांगायचा,
"चप्पल गाडीत होती."

एकदा मीही.
बांधीच्या धुऱ्यावरून भावानं फावडं उचललं,
तक्रार मी दिली, सहीसुद्धा घोटीव.
त्याला बसवलं, आणि जीप घर्र करून गप्प.
निखाडे माझ्याकडे पाहत राहिला.
ठाण्याबाहेर दुसरं कोणी नव्हतं.
मी मागून खांदा लावला.
पत्रा तापलेला. जाळीच्या आत त्याचं तोंड,
माझ्या तोंडापासून वीतभर.
सात वर्षं आम्ही बोललो नव्हतो.
तो म्हणाला,
"दादा, खालून जोर लाव. वरून नाई."

तालुक्याला पोचेपर्यंत दोनदा बंद पडली म्हणतात.
मी दुसऱ्या दिवशी तक्रार मागं घेतली,
कारण लिहिलं: आपसात समेट.
समेट वगैरे काही नव्हता.

नवी गाडी सोमवारी आली.
नारळ, हार, चाकाखाली लिंबू.
नगराध्यक्षांनी किल्ली साहेबांना दिली,
साहेबांनी निखाडेला,
त्यानं ती अशी फिरवली जशी कोणाची झोपमोड होईल.
आवाजच नाही.
लोकांना कळेना सुरू झाली का नाही,
म्हणून टाळ्या उशिरा पडल्या.

गर्दीत माझा भाऊ होता, धानाच्या पेंढीचा कुटार अंगावर.
गाडी हलायला लागली तसे त्याचे दोन्ही हात
आपोआप पुढे गेले, मागच्या काचेवर टेकले,
आणि गाडी त्यांच्यातून निघून गेली.
तो तोल जाऊन दोन पावलं चालला.
माझ्याकडे पाहून ओशाळला.

काचेवर पंजे उठले होते, दहाही बोटं.
चौकात निखाडेनं गाडी थांबवली,
खिशातलं पिवळं फडकं काढलं,
एक पंजा पुसला,
दुसऱ्याशी थोडा वेळ उभा राहिला.
मग साहेबांनी आतून हाक मारली.